लस अंगी लागली का?

माझ्या मावशीच्या घरी जेवणाच्या टेबलावर २०२१ च्या जुलैमध्ये दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते आणि त्यांच्याकडे पाहत काका गप्प बसले होते. वसाहतीतल्या काही जणांनी मिळून एका प्रयोगशाळेकडून सवलतीत ‘अँटिबॉडी टेस्ट’ करून घेतली होती, तिचे ते अहवाल होते. मार्च-एप्रिलमध्ये दोघांचेही दोन-दोन डोस झाले होते. पण केंद्रावर त्या दिवशी जी लस आली असेल ती घ्यायची, अशी परिस्थिती असल्यामुळे काकांना कोविशिल्ड मिळाली होती आणि आठवड्याने गेलेल्या मावशीला कोव्हॅक्सिन. काकांना पहिल्या डोसनंतर दोन दिवस फणफणून ताप आला होता आणि त्याचा त्यांना जरा अभिमानच होता, कारण ‘ताप आला म्हणजे लस अंगी लागली’ हे तेव्हा सर्वमान्य मत झाले होते. मावशीचा दंडसुद्धा धड दुखला नव्हता. आता मावशीच्या कागदावर अँटिबॉडी आढळल्याचे लिहिले होते आणि काकांच्या कागदावर त्या आढळल्या नसल्याचे. काकांनी एवढेच विचारले, “म्हणजे मला पाणी टोचलं का?”

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून तो कागद माझ्याकडे सरकवण्यात आला. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत चाचणीचे नाव होते आणि सगळा उलगडा तिथेच होता. ती चाचणी विषाणूच्या पोटात असणाऱ्या न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधणारी होती. कोविशिल्ड हे प्रथिन शरीराला दाखवतच नाही. ती केवळ विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचे, म्हणजे स्पाइक प्रथिनाचे दर्शन घडवते. तेव्हा काकांचा अहवाल चुकीचा नव्हता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता: त्यांना तोवर कोरोनाचा संसर्ग होऊन गेल्याची खूण रक्तात नाही, इतकेच त्याचे म्हणणे होते. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण विषाणू असल्यामुळे मावशीच्या रक्तात ती प्रतिपिंडे लशीने आलेली असू शकत होती किंवा नकळत होऊन गेलेल्या संसर्गानेही. तिच्या कागदावरून त्यांतले काय खरे, हे ठरवणे शक्यच नव्हते. दोघांनी पैसे मोजले होते ते लस अंगी लागली की नाही हे कळण्यासाठी, आणि नेमके तेच त्या चाचणीत विचारलेले नव्हते.

या देशात २०० कोटींहून अधिक डोस दिले गेले. त्या मोहिमेचा पसारा, तिचा वेग आणि त्यामागे उन्हातान्हात राबलेल्या परिचारिका व आशाताई यांबद्दल मला आदरच आहे. पण लस दंडात गेल्यावर शरीरात काय करते, आणि एक लस ते दुसरीपेक्षा वेगळ्या वाटेने कसे करते, हे आपण लोकांना सांगितले नाही. ती मोकळी जागा अँटिबॉडीच्या आकड्याने, तापाच्या अभिमानाने, स्वदेशी-विदेशीच्या वादाने आणि अफवांनी भरून काढली. हे सांगणे ही तज्ज्ञांच्या हौसेची बाब नसून लसीकरणाचाच एक भाग आहे आणि तो भाग आपण वगळला, असे माझे म्हणणे आहे. त्याची किंमत त्या एका वर्षात फिटली नाही, ती अजून मोजली जात आहे.

मुळात आपल्याकडे लस समजावताना सैन्याची उपमा हटकून येते: विषाणू शत्रू, अँटिबॉडी सैनिक. उपमा सोपी आहे, पण तिनेच घोळ घातला. सैनिक म्हटले की माणूस ते मोजू लागतो, आणि ज्याच्याकडे आठशे त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे आठ हजार तो जास्त सुरक्षित, असे समजतो. शाळेची उपमा त्यापेक्षा बरी, आणि मी शिक्षिका असल्यामुळे ती सुचली असे म्हणणाऱ्यांना माझी हरकत नाही. लस दंडाच्या स्नायूत जाते. तिथल्या काही पेशी तिच्यातले प्रथिनाचे तुकडे उचलून काखेतल्या लसिका गाठींपर्यंत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते आपल्या आजीला ठाऊक होते. लस घेतल्यावर कोणाकोणाची काख दुखली ती त्याच जातीची घटना. त्या गाठीत लाखो बी-पेशी आणि टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाट पाहत असतात. ज्यांचा साचा त्या तुकड्याशी जुळतो तेवढ्याच निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते, आणि पुढचे काही आठवडे बी-पेशी आपला साचा बदलून बदलून अधिक घट्ट बसणारा करत राहतात. लोणचे घातल्या दिवशीच खाता येते, पण ते मुरल्यावरच लोणचे होते. गाठीत चालते ते हे मुरणे. त्यातून प्रतिपिंडे ओतणाऱ्या पेशी तयार होतात, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात, आणि टी-पेशींच्या दोन तुकड्या तयार होतात: बी-पेशींना हात देणाऱ्या सहायक आणि संसर्ग झालेली पेशीच नष्ट करणाऱ्या मारक. प्रयोगशाळेचा आकडा या सगळ्यातल्या फक्त एका फळाचा, तोही त्या एका दिवसाचा असतो.

आता दोन लशींच्या वाटा कुठे फुटतात ते पाहू. कोव्हॅक्सिनची पद्धत जुनी आहे आणि मुंबईला ती परकी नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवून, मारून, त्यांची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती स्वतःला टोचून घेतली. जंतू पूर्ण, पण मेलेला. शरीराने त्याचे संपूर्ण रूप पाहावे, पण त्याने शरीराचे काही बिघडवू नये, हे तत्त्व तेव्हाचेच आहे. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला कोरोना विषाणू व्हेरो नावाच्या पेशींत वाढवला गेला आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने निष्क्रिय केला गेला. मेलेला विषाणू शरीराच्या पेशींत शिरून स्वतःची प्रथिने बनवू शकत नाही, त्यामुळे तो बाहेरची वस्तू म्हणूनच उचलला जातो. त्यातून सहायक टी-पेशी आणि प्रतिपिंडे चांगली तयार होतात, मारक टी-पेशींचे शिक्षण मात्र तुलनेने कमी होते. शिवाय मेलेल्या जंतूकडे शरीर फारसे लक्ष देत नाही, म्हणून सोबत लक्ष वेधणारे द्रव्य घालावे लागते. इथे ते अ‍ॅल्युमिनियमचा क्षार होता, आपल्या घरातल्या तुरटीचा नातेवाईक म्हणा, आणि त्याच्यावर एक नवा रेणू बसवलेला होता, जो पेशींना ‘हा विषाणू आहे’ असा खास इशारा देतो.

हा रेणू अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका कंपनीत, तिथल्या सरकारी संशोधन निधीतून तयार झाला. उलट ‘विदेशी’ म्हणून हिणवलेल्या कोविशिल्डचे कोट्यवधी डोस आपल्या पुण्यातच तयार होत होते. एक लस देशाभिमानाने घ्यायची आणि दुसरी ‘ऑक्सफर्डची’ म्हणून घ्यायची, असे दोन पंथ त्या वर्षी घराघरांत पडले होते. त्यांतल्या कोणालाही कुपीत काय आहे हे सांगितले असते तर निदान हा एक वाद वाचला असता.

कोविशिल्डची वाट अगदी निराळी आहे. तिच्यात कोरोनाचा विषाणू नाहीच. चिंपांझींना सर्दी करणारा एक अ‍ॅडिनोव्हायरस घेतला, त्याच्या जनुकांतला वाढीला लागणारा भाग काढून टाकला म्हणजे त्याची पैदास बंद, आणि त्या जागी स्पाइक प्रथिनाची कृती सांगणारे डीएनए ठेवले. म्हणजे हा विषाणू इथे केवळ निरोप पोचवणारा वाहक. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ऑनलाइन तासाला विचारले होते, “मॅडम, कोविशिल्डमध्ये चिंपांझी असतो का?” बाकीची मुले हसली, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण त्यातून ‘चिंपांझीच का’ असे विचारता येते आणि त्याचे उत्तर सुंदर आहे. माणसांमधले अ‍ॅडिनोव्हायरस आपल्याला सर्दी-पडशातून आधीच भेटलेले असतात, त्यामुळे पुष्कळांच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ती वाहकालाच दारात अडवतील आणि आतला निरोप पोचणार नाही. चिंपांझीचा वाहक आपल्या शरीराला अनोळखी आहे, म्हणून तो आत जातो. रशियाच्या स्पुटनिक लशीने हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला: माणसांतलेच दोन वेगवेगळे वाहक घेतले आणि पहिल्या डोसला एक, दुसऱ्याला दुसरा वापरला.

वाहक पेशीत शिरला की डीएनए केंद्रकापर्यंत जाते, आपल्या गुणसूत्रांत मिसळत मात्र नाही. तिथे त्याचा निरोप एमआरएनएच्या रूपात लिहिला जातो, आणि आपलीच पेशी काही काळ स्पाइक प्रथिन बनवते. इथे महत्त्वाचा फरक पडतो. आत तयार होणाऱ्या प्रत्येक प्रथिनाचे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर टांगून ठेवत असते, जणू दारावर पाटी. संसर्ग झालेल्या पेशीच्या दारावर विषाणूची पाटी दिसते, लस घेतलेल्या पेशीच्या दारावर स्पाइकची. आणि मारक टी-पेशी शिकतात त्या या पाट्या वाचूनच. म्हणून वाहक लशी आणि एमआरएनए लशी मारक टी-पेशींचे शिक्षण अधिक करतात. शिवाय जिवंत वाटणारा वाहक आत शिरताच शरीराची पहिली, सहज प्रतिक्रिया जोरात उठते. काकांचा ताप हा त्या प्रतिक्रियेचा होता. तो पुढच्या स्मृतीचे माप नव्हता. मावशीची लस गुपचूप शिकवणारी होती, एवढेच.

एमआरएनएची पद्धत याच्याही एक पायरी पुढची: डीएनए नको, केंद्रक नको, निरोपाचा कागदच मेदाच्या सूक्ष्म गोळीत गुंडाळून द्यायचा. हा कागद शरीराला शत्रूचा वाटून तो फाडला जातो, हा अडसर होता. कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये त्यातले एक अक्षर बदलून तो दूर केला आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फायझरने भारतातला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला, मॉडर्नाला त्या जूनमध्ये परवानगी मिळूनही ती लस लोकांपर्यंत आली नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलाची फायझर आणि इचलकरंजीतल्या आईची कोव्हॅक्सिन यांची तुलना व्हिडिओ कॉलवर होत राहिली, आणि दोन्हीकडे मोजमाप तेच, ताप आणि आकडा. पुढे हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीने साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकणारी एमआरएनए लस केली आणि तिला २०२२ च्या जूनमध्ये परवानगी मिळाली, पण तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता. अहमदाबादच्या झायडसची तीन डोसांची डीएनए लस, हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीची प्रथिनाचा फक्त एक तुकडा देणारी कॉर्बेव्हॅक्स, यांची नावे आज किती जणांना आठवतात? जगातल्या फार थोड्या देशांकडे इतक्या प्रकारच्या लशी होत्या. शिकवायला याहून चांगले साहित्य कोणते असणार?

आता दोन डोसांमधल्या अंतराची गोष्ट, कारण न सांगण्याचे परिणाम तिच्यात सर्वांत स्वच्छ दिसतात. कोविशिल्डचे अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते, मार्चमध्ये ते ६ ते ८ झाले आणि १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ करण्यात आले. त्या वेळी लशीचा खडखडाट होता. केंद्रांबाहेर ‘लस संपली आहे’ असे फलक लागलेले होते. साहजिकच लोकांनी अर्थ लावला की माल नाही म्हणून तारीख लांबवली. वास्तविक त्या निर्णयामागे शास्त्र होते. ऑक्सफर्डच्या चाचण्यांच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, १२ आठवडे किंवा त्याहून अधिक अंतर ठेवलेल्यांत लशीची परिणामकारकता ८१ टक्क्यांच्या आसपास आणि ६ आठवड्यांहून कमी अंतर असलेल्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास दिसली होती. मघाशी सांगितलेले ते मुरणे इथे आहे. पहिला धडा गाठीत मुरण्याआधीच दुसरा दिला तर दुसऱ्याचा लाभ कमी, आणि वाहकाविरुद्ध नुकतीच तयार झालेली प्रतिपिंडेही आड येण्याची शक्यता.

पण चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. डेल्टा पसरत होता, आणि एका डोसचे संरक्षण त्याच्यापुढे तोकडे पडत होते. इंग्लंडमधल्या अभ्यासात डेल्टाच्या लक्षणयुक्त आजारापासून एका डोसने जेमतेम ३० टक्के आणि कोविशिल्डसारख्याच लशीच्या दोन डोसांनी सुमारे ६७ टक्के बचाव दिसला. म्हणूनच आपण अंतर वाढवले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी आणि जोखमीच्या लोकांसाठी ते १२ वरून ८ आठवड्यांवर आणले. एकाच लशीबद्दल, एकाच शास्त्राच्या आधारे, दोन देश उलट दिशांना गेले. यात कोणी मूर्ख नव्हते. साठा, साथीचा जोर आणि स्मृती मुरायला लागणारा वेळ अशा तीन गोष्टींचा तो तोल होता, आणि सरकारने नेमके हेच सांगायला हवे होते: ‘लस कमी आहे हे खरे आहे, आणि अंतर वाढवल्याने दुसरा डोस अधिक चांगला लागू पडतो हेही खरे आहे.’ हे वाक्य समजायला पदवी लागत नाही. त्याऐवजी पहिली अर्धी बाजू नाकारण्यात शक्ती गेली आणि दुसरीवर कोणाचा विश्वास बसला नाही.

कोव्हॅक्सिनचेही तेच. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती नव्हते; ‘चाचणीच्या स्वरूपात’ अशा विचित्र शब्दांत ती दिली गेली आणि सुरुवातीला संमतिपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरच्या चाचणीतून ७७.८ टक्के हा आकडा आला तो जुलैमध्ये. लस चांगली ठरली, पण ते सहा महिने संशयाचेच गेले, आणि तो संशय मेलेल्या विषाणूच्या तंत्राबद्दल नव्हता, तर घाईने घेतलेल्या निर्णयाबद्दल होता. लोकांना हा फरक करता आला नाही, कारण तंत्रच कोणी सांगितले नव्हते. मग जूनमध्ये ‘कोव्हॅक्सिनमध्ये वासराचे रक्त आहे’ अशी आवई उठली. व्हेरो पेशी वाढवताना वासराच्या रक्तातला द्रव वापरतात, पुढे त्या पेशी धुतल्या जातात आणि तयार लशीत तो उरत नाही, असे सरकारला अफवेच्या मागे धावून सांगावे लागले. पोलिओच्या लशीतही ही पद्धत अनेक दशके आहे. हे आधी सांगितले असते तर ती बातमी झालीच नसती.

दोन डोस घेऊनही जानेवारी २०२२ मध्ये घरोघरी माणसे ओमायक्रॉनने आडवी झाली तेव्हा ‘मग लशीचा उपयोग काय?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. या प्रश्नाचे उत्तर पुन्हा वाटांमध्येच आहे. स्पाइकमध्ये ३० हून अधिक बदल झाल्यामुळे जुनी प्रतिपिंडे त्यावर नीट बसेनात, म्हणून संसर्ग झाला. पण टी-पेशी प्रथिनाचे छोटे छोटे तुकडे वाचतात, ते बहुतांश तसेच राहिले होते, म्हणून आजार पुष्कळांच्या बाबतीत घशापुरता आटोपला. शिवाय दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे भरते, नाकाच्या ओलसर अस्तरावर ती फारशी पोचत नाहीत. आणि विषाणू पहिल्यांदा उतरतो तो तिथेच. पोलिओचे थेंब पाजलेल्या आयांना हा फरक नवा नाही. तोंडावाटे दिलेला डोस आतड्यातच संरक्षण उभे करतो आणि विषाणूचा प्रसार तोडतो, इंजेक्शन मुलाला लकव्यापासून वाचवते पण आतड्यातला प्रसार तितका रोखत नाही. घरोघरच्या परिचयाच्या या गोष्टीवरून कोरोनाची लस समजावणे किती सोपे होते! भारत बायोटेकची नाकावाटे द्यायची वाहक लस याच विचारातून आली, परंतु तिला परवानगी मिळेपर्यंत सप्टेंबर २०२२ उजाडला आणि ती २६ जानेवारी २०२३ ला बाजारात आली, तेव्हा केंद्रे ओस पडली होती.

लशी मिसळण्याचा किस्सा तर विषण्ण हसू आणणारा आहे. एका वाटेने शिकवलेला धडा दुसऱ्या वाटेने पक्का करता येतो, हे तत्त्व जुने आहे, आणि ब्रिटनने त्यावर रीतसर चाचण्या लावल्या. आपल्याकडे पहिला पुरावा मिळाला तो चुकीतून: उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात मे २०२१ मध्ये काही गावकऱ्यांना पहिला डोस कोविशिल्डचा आणि दुसरा कोव्हॅक्सिनचा दिला गेला. त्यांतल्या १८ जणांचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासले आणि मिश्रण सुरक्षित असून प्रतिसाद उलट बरा आहे, असे निघाले. ते गावकरी घाबरून बसले होते, आणि देशाचे ज्ञान त्यांच्यामुळे वाढले होते. तरीही जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेला खबरदारीचा, म्हणजे तिसरा, डोस आधीच्याच लशीचा घ्यावा लागला. कॉर्बेव्हॅक्सचा पर्याय ऑगस्टमध्ये खुला झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाकाऊ नाही. ऑक्सिजन मिळत नव्हता, स्मशानात रांगा होत्या, अशा वेळी टी-पेशी समजावत बसायचे का? एका सिस्टरच्या हाताखाली दिवसाला दीडशे-दोनशे माणसे असताना तिने व्याख्यान द्यायचे का? शिवाय जास्त सांगितले की लोक जास्त घाबरतात. यातल्या शेवटच्या मुद्द्याला उत्तर काकांनीच पुढे दिले, ते सांगते. पहिल्या दोनांना मात्र माझे उत्तर एका बाकाचे आहे. माझी स्वतःची लस जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. टोचून झाल्यावर तिसरीच्या वर्गात नेऊन बसवले, कारण अर्धा तास निरीक्षणाखाली राहायचे होते. भिंतीवर बाराखडी आणि तेराचा पाढा, फळ्यावर खडूने लिहिलेली शेवटच्या तासाची तारीख, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली पंचवीस मोठी माणसे, आणि सगळ्यांचे डोळे मोबाइलवर. त्या अर्ध्या तासात आमच्या हातात मिळाली ती पॅरासिटामॉलची पट्टी. फळा रिकामा होता. तिथे दहा ओळी लिहून ठेवल्या असत्या, किंवा गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना त्या वाचून दाखवायला बसवले असते, तर सिस्टरचा एक क्षणही गेला नसता. प्रत्येक डोसमागे अर्धा तास धरला तर या देशाने ऐकायला तयार बसलेल्या माणसांचे शंभर कोटी तास रिकामे घालवले.

राहिला भीतीचा मुद्दा. एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली की अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनमधल्या न्यायालयीन कागदपत्रांत, आपल्या लशीमुळे (आपल्याकडची कोविशिल्ड ती हीच) अत्यंत विरळा प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मान्य केले आहे. काकांचा रात्री दहाला फोन आला. त्यांनी परस्पर डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळीची खूण शोधणारी, चाचणी करून घेतली होती आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे ते विचारत होते. वसाहतीतल्या आणखी तिघांनी तेच केले होते. लस घेऊन तीन वर्षे उलटून गेलेली.

ही गुठळी कशी होते, ते समजले की भीतीला जागा उरत नाही. अ‍ॅडिनोव्हायरसच्या वाहकाला रक्तातले एक विशिष्ट प्रथिन चिकटते, अगदी थोड्या माणसांचे शरीर त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, त्यातून बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, उत्तेजित होऊन गुठळ्या धरतात आणि त्यांची संख्या घटते. हे सगळे घडायचे तर लशीनंतरच्या साधारण पहिल्या महिना-दीड महिन्यात घडते, कारण ते त्या ताज्या प्रतिक्रियेचेच विकृत रूप आहे; तीन वर्षांनी वाहकाचा मागमूसही नसतो. आणि ही गोष्ट दडवलेलीही नव्हती. भारत सरकारच्या समितीने १७ मे २०२१ रोजीच जाहीर केले होते की कोविशिल्डनंतर गुठळ्यांच्या संभाव्य २६ घटना आढळल्या आहेत, प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ आहे, आणि लस घेतल्यापासून २० दिवसांत धाप, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी अशी लक्षणे दिसली तर लगेच दाखवावे. ही माहिती प्रसिद्धिपत्रकात होती. ती काकांच्या केंद्रावर, त्या बाकावर पोचली नाही. त्यांना ती २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर भेटली, ‘कबुली’ या शब्दासोबत आणि लाल अक्षरांत. मी अर्धा तास फोनवर वाहक, प्रतिपिंडे आणि दिवसांचा हिशेब सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “हे तेव्हा सांगितलं असतं तर मी लस घेतलीच असती गं, पण आता झोप लागली असती.”

हल्ली माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीबद्दल विचारतात. पहिला प्रश्न ती कशापासून वाचवते हा नसतो, “ही कोविडच्या लशीसारखीच का हो, मॅडम?” असा असतो, आणि त्या स्वरात २०२१ चे सगळे साचलेले असते. मी त्यांना फळ्यावर एक पोकळ गोळा काढून दाखवते. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन यीस्टसारख्या पेशींकडून तयार करून घेतात, ते आपोआप गोळ्यासारखे जुळते, आत एकही जनुक नसते, म्हणून ते वाढू शकत नाही. शरीर मात्र कवच पाहून ओळख ठेवते. चित्राला दोन मिनिटे लागतात आणि बोलायला तीन. परवा एक आई जाता जाता थांबली आणि फळ्याचा फोटो काढून घेऊन गेली. जावेला पाठवायचा आहे, म्हणाली.